मूळ फाइल कुठे आहे?

मंडळी, आज एक साधा प्रश्न. तुमच्या घरातल्या शेवटच्या लग्नाचे फोटो आत्ता या क्षणी नेमके कुठे आहेत?

बहुतेक घरांत तीन उत्तरं येतात. "व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आहेत ना सगळे." "गुगलवर आपोआप जातात." आणि तिसरं, "फोटोग्राफरकडे असणारच की!" तिन्ही उत्तरं थोडी थोडी खरी आहेत. म्हणूनच ती धोक्याची आहेत. आजोबांचा शेवटचा मोठा कार्यक्रम, आत्याने म्हटलेल्या मंगलाष्टका किंवा बाळाची पहिली पावलं हे सगळं आहे असं आपण समजून चालतो, आणि नाही हे कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

आज या तीन उत्तरांची तपासणी करू आणि मग उपायाकडे जाऊ. उदाहरणासाठी बेंगळुरूचं कोरमंगला घेऊ. इथे शिकायला आणि नोकरीला आलेली मराठी मुलंमुली भरपूर आहेत. फ्लिपकार्ट २००७ मध्ये इथल्याच एका फ्लॅटमधून सुरू झाली. पीजीच्या एका खोलीत दोन लॅपटॉप, कॅमेरा आणि वेगवान इंटरनेट असणं इथे नवलाचं नाही. फोटो सांभाळण्याची साधनं जिथे सगळ्यात सहज मिळतात, अशा ठिकाणीसुद्धा ते कसे हरवू शकतात, ते पाहू.

पहिलं उत्तर: व्हॉट्सॲपवर आहेत

व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लवकर पोचावा म्हणून दाबून लहान केलेला असतो. फोनच्या पडद्यावर तो छान दिसतो. तोच मोठा करून भिंतीवर लावायचा म्हटलं, की आजीच्या नऊवारीचे काठ पुसट होतात. हा फोटो म्हणजे मूळ फोटोची छोटी नक्कल. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल, तर ती 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावी. अशी २ जीबीपर्यंतची फाइल पाठवता येते.

कॅमेऱ्याची कच्ची फाइल, जिला सगळे 'रॉ' म्हणतात, ती तर याहून वेगळी गोष्ट. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडलेला प्रकाश या फाइलमध्ये जवळजवळ जसाच्या तसा नोंदलेला असतो. नेहमीची जेपीईजी फाइल प्रत्येक रंगाच्या २५६ छटा ठेवते, तर १४ बिटची रॉ फाइल १६,३८४ छटा ठेवू शकते. म्हणून मांडवात काळोख असला, नवरीचा चेहरा सावलीत गेला, तरी रॉ फाइलमधून तो पुष्कळदा उजळून काढता येतो. स्वयंपाकघराच्या भाषेत सांगायचं तर रॉ म्हणजे पीठ आणि जेपीईजी म्हणजे भाजलेली पोळी. पिठाच्या हव्या तशा पोळ्या करता येतात, पण पोळीचं पुन्हा पीठ होत नाही.

या फाइल ओळखायच्या कशा? कॅननच्या नव्या कॅमेऱ्यांत नावाच्या शेवटी सीआर३, निकॉनमध्ये एनईएफ, सोनीमध्ये एआरडब्ल्यू आणि बऱ्याच फोनमध्ये डीएनजी असं येतं.

दुसरं उत्तर: गुगलवर आपोआप जातात

जातात, पण कसे जातात ते एकदा बघा. गुगल फोटोज २०१५ मध्ये आलं, तेव्हा थोड्या कमी दर्जाचे फोटो कितीही ठेवायची फुकट सोय होती. १ जून २०२१ पासून ती बंद झाली. आता एका खात्याला १५ जीबी फुकट मिळतात आणि त्यातच जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो असे सगळे राहतात. ॲपलच्या आयक्लाउडमध्ये फुकट जागा ५ जीबी.

गुगल फोटोजच्या सेटिंगमध्ये बॅकअपच्या दर्जाचे दोन मुख्य पर्याय दिसतात. 'ओरिजिनल क्वालिटी' म्हणजे फाइल आहे तशी, आणि 'स्टोरेज सेव्हर' म्हणजे जागा वाचवण्यासाठी लहान केलेली. दुसऱ्या पर्यायात १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठे फोटो लहान होतात आणि मोठे व्हिडिओ १०८० पिक्सेलवर उतरतात. पीठ गेलं, पोळी राहिली! मुलाने नवा फोन घेऊन आईला सेटिंग लावून दिलं, जागा भरू नये म्हणून 'स्टोरेज सेव्हर' निवडलं आणि आईने निश्चिंत होऊन फोनमधून सगळं काढून टाकलं, असं किती घरांत झालं असेल! निवड चुकीची नाही, रोजच्या फोटोंना ती पुरेशी आहे. फक्त मूळ फाइल आपल्याकडे राहिलेली नाही हे माहीत हवं.

आणखी एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला समजावून सांगा. क्लाउडवरचं ॲप बहुतेक वेळा 'सिंक' करतं. सिंक म्हणजे आरसा. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो पुसला, तर तो ६० दिवस कचरापेटीत राहतो आणि मग कायमचा जातो. आयफोनवर ही मुदत साधारण ३० दिवसांची. नातवाने खेळता खेळता दोनशे फोटो पुसले आणि ते तीन महिन्यांनी लक्षात आलं, तर आरशात शोधून काय मिळणार? फोनमध्ये जागा करायची असेल तर एकेक फोटो पुसू नका. 'फ्री अप स्पेस' हा पर्याय वापरा. तो बॅकअप झालेल्याच फाइल फोनमधून काढतो आणि क्लाउडवरची प्रत तशीच ठेवतो. मात्र त्याआधी वरचा दर्जाचा पर्याय कोणता आहे ते पाहा.

तिसरं उत्तर: फोटोग्राफरकडे असणारच

या उत्तरावर विसंबण्याआधी आकडेमोड करू. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण ३० एमबीची धरा. लग्नाचे ३,००० फोटो म्हणजे ९० जीबी. चांगल्या दर्जाचा ४के व्हिडिओ तासाला ४५ जीबीच्या आसपास जागा खातो. दोन कॅमेऱ्यांचं मिळून आठ तासांचं चित्रण म्हणजे ३६० जीबी. एका लग्नाचे झाले ४५० जीबी. अशी मोसमात वीस लग्नं केली, तर नऊ हजार जीबी! कुठला स्टुडिओ हे वर्षानुवर्षं सांभाळणार? अल्बम हातात दिला, काही महिने वाट पाहिली आणि डिस्क पुढच्या लग्नासाठी मोकळी केली, असं झालं तर त्यात त्यांचा दोष नाही. सांभाळायचं त्यांनी कबूल केलेलंच नसतं.

म्हणून बोलणी करतानाच तीन गोष्टी लिहून घ्या: मूळ फाइल मिळणार का, किती दिवसांत मिळणार, आणि तोवर त्यांच्याकडे किती प्रती राहणार. डिस्क तुम्ही द्यायची असेल तर आधीच द्या. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, पैसे देऊन कोणी फोटो किंवा चित्रफीत काढून घेतली आणि वेगळा करार नसेल, तर त्यावरचा पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. पण हक्क असणं वेगळं आणि फाइल हातात असणं वेगळं. पुसलेल्या फाइलवर हक्क सांगून काही मिळत नाही.

एकच प्रत म्हणजे काय, हे महाराष्ट्राला माहीत आहे

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालचा. त्याच्या चार रिळांपैकी आज पहिलं आणि शेवटचंच उरलं आहे. मूळ फिल्म गावोगावी बैलगाडीतून फिरताना उष्णतेने खराब झाली आणि म्हणून फाळक्यांनी १९१७ मध्ये तो पुन्हा चित्रित केला, असं सांगितलं जातं. उरलेली रिळं त्या दुसऱ्या चित्रणाची असावीत, असंही काही अभ्यासक मानतात. १९३१ च्या 'आलम आरा' या आपल्या पहिल्या बोलपटाची तर एकही प्रत सापडलेली नाही.

पुढे जानेवारी २००३ मध्ये पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या फिल्मच्या गोदामाला आग लागली. तिथल्या नायट्रेटच्या ज्वालाग्राही जुन्या फिल्म जळून गेल्या. त्यांतल्या ज्या चित्रपटांच्या प्रती आधीच दुसऱ्या, सुरक्षित फिल्मवर काढून ठेवल्या होत्या, ते चित्रपट वाचले. एवढाच धडा आपल्याला पुरे आहे. वस्तू वाचली नाही, पण दुसरीकडे प्रत होती म्हणून चित्रपट वाचला.

पाणी घरात येतं, आग ढगालाही लागते

"मग मी सगळं हार्ड डिस्कवर घेऊन कपाटात ठेवतो," असं कोणी म्हणेल. पुन्हा कोरमंगलाकडे या. चौथ्या ब्लॉकच्या बाजूला एसटी बेड नावाची वसाहत आहे. नावातलं एसटी म्हणजे श्रीनिवागिलु टँक आणि बेड म्हणजे तळ. जुन्या तलावाच्या तळाशी वसलेला हा सखल भाग. जोराचा पाऊस झाला की पाणी भरल्याच्या बातम्यांत त्याचं नाव वरचेवर येतं. २०२२ च्या पावसाळ्यात तर बेंगळुरूचे कितीतरी भाग पाण्याखाली गेले होते. तळमजल्यावरच्या घरात खालच्या खणात ठेवलेल्या डिस्कला महागडा फ्लॅट आणि गरिबाची खोली यांतला फरक कळत नाही. सांगली-कोल्हापूरकरांना पुराबद्दल वेगळं सांगायला नकोच.

"तर मग क्लाउडच बरा. ढगाला कसला पूर?" ढग हे नुसतं नाव आहे. प्रत्यक्षात त्या जमिनीवरच्या इमारती असतात, आत यंत्रांच्या रांगा आणि त्यांना थंड ठेवणारी वातानुकूलन व्यवस्था. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये अशी केंद्रं पुणे, मुंबई आणि चेन्नईत सुरू केली, ॲमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत. मोठ्या कंपन्या आपली माहिती एकाहून जास्त यंत्रांवर ठेवतात, त्यामुळे तुमच्या कपाटातल्या डिस्कपेक्षा ती पुष्कळ सुरक्षित असते. तरीही सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन शहरात सरकारी डेटा केंद्राला बॅटरीमुळे आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फाइल ठेवायचा जी-ड्राइव्ह नावाचा क्लाउड जळाला. त्यात ८५८ टीबी माहिती होती. बाहेर दुसरी प्रत नव्हती. आकार फार मोठा, म्हणून ती ठेवलीच नव्हती, असं कारण पुढे आलं.

ओळखीचं वाटतं ना कारण? "एवढे जीबी कुठे ठेवायचे!" आपणही हेच म्हणतो.

तीन-दोन-एक

पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने फोटो सांभाळण्यावरच्या आपल्या पुस्तकातून एक सोपा नियम लोकांपर्यंत नेला. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. आज जगभर हा नियम तीन-दोन-एक म्हणून ओळखला जातो.

आता गंमत बघा. ज्या मराठी कुटुंबाचं एक टोक कोरमंगलात आणि दुसरं कोल्हापुरात, नाशकात किंवा अकोल्यात आहे, त्याला 'घराबाहेर' शोधायला लांब जायला नको. एक डिस्क मुलीच्या खोलीत, एक डिस्क आईबाबांच्या कपाटात आणि एक प्रत क्लाउडवर. झालं तीन-दोन-एक! एकाच दिवशी दोन्ही गावांत पूर आणि वर कंपनीचा क्लाउडही बंद, असं होणं अवघड.

कामाची वाटणीही आपोआप होते. ४५० जीबी चढवायला १०० एमबीपीएसच्या अपलोड वेगाने सुमारे १० तास लागतात, २० एमबीपीएसने ५० तास. आणि गावाकडे रोज २ जीबीचा मोबाइल पॅक असेल तर २२५ दिवस! म्हणून क्लाउडवर चढवायचं काम कोरमंगलाच्या ब्रॉडबँडवर करा. कनेक्शन घेताना डाउनलोडसोबत अपलोडचा वेगही विचारा, कारण काही योजनांत तो बराच कमी असतो. डिस्क मात्र दिवाळीला येताना पिशवीतून आणा. २ टीबीची डिस्क रात्रीच्या बसने सकाळी घरी पोचते. तेवढ्याच फाइल २० एमबीपीएसने पाठवायला नऊ दिवसांहून जास्त लागतील.

सगळंच ठेवायचं का?

नाही. निवड करणं हाही सांभाळण्याचाच भाग आहे. आयफोनवर ४के व्हिडिओचं एक मिनिट साधारण १७० एमबी घेतं, आणि व्यावसायिक दर्जाच्या प्रोरेसमध्ये तेच ६ जीबीपर्यंत जातं. पाच मिनिटं नुसता छताचा पंखा चित्रित झाला असेल, तर तो तीन ठिकाणी जपायची गरज नाही.

असं करून पाहा. रोजचे फोटो, पावत्या, भाजीचे भाव, सुप्रभातचे संदेश यांतलं जे हवं ते 'स्टोरेज सेव्हर'वर जाऊ दे. लग्न, बारसं, साठीशांत, मोठ्यांच्या आवाजातल्या गोष्टी, मुलांचं पहिलं वर्ष यांच्या मूळ फाइल वेगळ्या काढा आणि त्यांच्या तीन प्रती करा. रॉ फाइल क्लाउडवर ठेवताना फोटोंच्या ॲपपेक्षा ड्राइव्हसारखी फाइल ठेवायची सेवा वापरली, तर दर्जा कमी होईल ही भीती राहत नाही. ती फाइलला हात लावत नाही, आहे तशी ठेवते.

फोल्डरला नाव तारखेने द्या: '२०२५-१२-१४ नाशिक ताईचं लग्न'. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोल्डर आपोआप ओळीने लागतात. बऱ्याच कॅमेऱ्यांचे क्रमांक ९९९९ नंतर पुन्हा सुरुवातीपासून येतात. तेव्हा सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं, तर एका फोटोवर दुसरा बसू शकतो. आणि कॅमेऱ्यातलं कार्ड निदान दोन ठिकाणी प्रत झाल्याशिवाय पुसू नका.

उघडून पाहा

१९९८ मध्ये 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट तयार होत असताना पिक्सारमध्ये कोणीतरी चुकून पुसण्याची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइल एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचं तेव्हाच उघडकीला आलं. चित्रपट वाचला तो गॅलिन ससमन यांच्या घरच्या संगणकामुळे. बाळ लहान होतं म्हणून त्या घरून काम करत होत्या आणि त्यांच्याकडे एक प्रत होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओला जे घडलं, ते आपल्यालाही घडू शकतं. म्हणून प्रत घेतल्यावर दोन्हीकडची फाइलसंख्या आणि एकूण आकार जुळवा. मग सुरुवातीची, मधली आणि शेवटची अशा पाच-सहा फाइल प्रत्यक्ष उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत चालतो का ते बघा. दर सहा महिन्यांनी, समजा गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला, डिस्क जोडून हेच पुन्हा करा. पाचेक वर्षं झाली की नवी डिस्क घ्या.

किल्ली कोणाकडे?

शेवटचा आणि सगळ्यात नाजूक मुद्दा. फाइल आहेत, प्रती आहेत, पण पासवर्ड एकाच माणसाला माहीत आहे. तो माणूस आजारी पडला किंवा गेला, तर? घरच्यांसमोर कुलूप लागलेला फोन उरतो.

गुगलच्या धोरणानुसार दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं, त्यातल्या फोटोंसह, पुसलं जाऊ शकतं. जागेची वर्गणी थांबली आणि खातं दोन वर्षं मर्यादेबाहेर राहिलं, तरीही फाइल जाऊ शकतात. आजोबांच्या खात्याची वर्गणी त्यांच्या कार्डावरून जात असेल, तर हे आजच लक्षात घ्या. गुगलमध्ये 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही, तर माहिती कोणाला मिळावी हे आधी नोंदवता येतं. ॲपलमध्ये यासारख्याच सोयीला 'लेगसी कॉन्टॅक्ट' म्हणतात. आजी-आजोबांजवळ बसून, त्यांना विचारून, त्यांच्या मर्जीने हे भरा. विषय अवघड वाटतो, पण बँकेच्या खात्याला वारस लावतोच ना आपण? आठवणींच्या खात्यालाही लावू.

या रविवारी एकच काम करा. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि ज्या एका कार्यक्रमाचे फोटो गमावणं कोणालाच सोसणार नाही, तो निवडा. त्याची मूळ फाइल कुठे आहे हे शोधा. सापडली तर तिच्या आणखी दोन प्रती करा. आणि फोटोग्राफरला फोन करायचा असेल, तर रविवारची वाटही पाहू नका. आजच करा, त्यांची डिस्क अजून मोकळी झाली नसेल तोवर.